जुनं पुणं पाहायचंय: वाडे, खानावळी, इराणी आणि नाहीशा झालेल्या जागा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पेठांमधून फिरायला येणाऱ्यांना सोबत करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. फिरताना, फोनवर, पत्रांतून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. वाडा, खानावळ आणि पुसली गेलेली खूण हे तीन वेगळे विषय वाटतात. मला तसं वाटत नाही. तिन्हींची कहाणी पाणी, लाकूड आणि भाडं यांभोवती फिरते, आणि हे एकदा लक्षात आलं की गल्ली वेगळीच दिसू लागते. क्रमांक दिले आहेत, कारण एका उत्तरातलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही.

१. पहिल्यांदाच येतोय, हाताशी अर्धा दिवस आहे. सुरुवात कुठून करू?

कसबा गणपतीपासून, आणि सकाळी सात-साडेसातला. कसबा ही पुण्यातली सर्वांत जुनी वस्ती. इथे गल्ल्या अजून कामांवरून ओळखल्या जातात: तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा. तांबट आळीत तांब्याची भांडी मठारण्याचा आवाज अजून ऐकू येतो. दिवस वर आला की तो रहदारीत बुडतो. तिथून लाल महाल, मग शनिवारवाडा. पुढे शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे चालत राहा: दगडूशेठ गणपती, समोर भिडे वाड्याची जागा (प्रश्न १२), बेलबाग, तुळशीबाग, मंडई. शेवट विश्रामबागवाड्यात करा. अंतर फार नाही, पण थांबायला वेळ हवा. चारचाकी आणू नका. लष्कर भाग, म्हणजे कॅम्प, दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तिथलं शहर निराळं आहे.

२. वाडा म्हणजे नेमकं काय? प्रत्येक जुन्या घराला वाडा म्हणायचं का?

नाही. वाड्याची ओळख चौकावरून पटते. मध्ये उघडं अंगण आणि चारही बाजूंनी खोल्या, हा त्याचा गाभा. एक चौक असला तर मध्यमवर्गीय कुटुंबाचा, दोन-तीन असले तर सरदार-सावकाराचा, असं ढोबळपणे म्हणता येतं.

रस्त्यावरून आधी दिसतो दरवाजा: मोठी दोन दारं आणि त्यातल्या एकात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत शिरल्यावर देवडी, म्हणजे दारालगतची पहाऱ्याची जागा, मग चौक, चौकाभोवती ओसरी किंवा पडवी. पुरुषमंडळींची ऊठबस आणि व्यवहार सोप्यात. त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची अंधारी खोली. मागच्या चौकात विहीर आणि तुळशीवृंदावन. भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटात कोनाडे आणि फडताळं तर असतातच, काही ठिकाणी धान्याचं बळद आणि एका माणसापुरता जिनाही असतो.

बांधणी समजून घ्या, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. खाली घडीव दगडाचं जोतं. त्यावर सागवानी खांब आणि तुळया यांचा सांगाडा. मधल्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, वर चुन्याचा गिलावा. मजल्याची जमीन कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेली, वर कौलं. खोलीचं माप खणांत सांगतात: दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. इमारतीचा भार मुख्यतः लाकडावर आहे, भिंतीवर नाही. म्हणून एखादी भिंत पडली तरी वाडा उभा राहतो आणि लाकूड जळालं किंवा कुजलं की जोत्यापर्यंत खाली येतो.

खांब पाहताना वरपर्यंत पाहा. खाली कमळासारखी बैठक, वर निमुळता होत जाणारा, सुरूच्या झाडासारखा घडवलेला खांब आणि दोन खांबांमध्ये लाकडी महिरप हे पेशवाईच्या उत्तरकाळातलं आवडतं काम. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात ते मनसोक्त पाहायला मिळतं.

३. खासगी वाड्यात आत जाता येईल का?

विचारून, आणि नाही म्हणाले तर निमूट परत फिरून. बहुतेक वाड्यांत आजही माणसं राहतात. चौक हे त्यांचं अंगण आहे, तिथे वाळवण असतं, आजारी माणूस खाटेवर पडलेला असतो. दिंडी उघडी आहे याचा अर्थ आमंत्रण आहे असा नव्हे. देवडीत उभं राहून हाक द्या, आपलं नाव आणि येण्याचं कारण सांगा. दुपारी एक ते चार कुणालाही हाक मारू नका. घरातल्या आजींनी किंवा काकांनी बसा म्हटलं तर बसा. त्या अर्ध्या तासात जे ऐकायला मिळतं ते कुठल्याही पुस्तकात नाही. पाच-सहाहून जास्त जणांनी एका वेळी आत जाऊ नये. कडीपाट जुने असतात, वरच्या मजल्यावर गर्दी करणं खरोखर धोक्याचं आहे.

ज्यांना आतून निवांत पाहायचंय त्यांच्यासाठी विश्रामबागवाडा, केसरीवाडा आणि महात्मा फुले वाडा आहेत. यांना भेट द्यायला ओळख लागत नाही.

४. फोटो आणि व्हिडिओ काढले तर चालतं का?

रस्त्यावरून दर्शनी भागाचा फोटो काढायला कुणाची हरकत नसते. चौकात मात्र विचारा, आणि माणसांचा, देवघराचा, वाळत घातलेल्या कपड्यांचा काढू नका. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे तिकीट आणि खात्याचे नियम लागू. ड्रोन परवानगीशिवाय अजिबात उडवू नका.

५. शनिवारवाडा आत इतका रिकामा का? राजवाडा गेला कुठे?

जळाला. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली पायाभरणी केली, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत होती. प्रश्न २ मध्ये सांगितलेला सांगाडा इथे आठवा: दगडी तट, बुरूज आणि जोती वाचली, सागवान होतं ते सगळं गेलं. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना तेवढा लाकूडकामासह उभा आहे. त्यावरून आतल्या महालांची कल्पना करावी लागते. आतल्या जोत्यांवरून चालताना पायऱ्या, हौद, कारंजी यांचा मेळ लावत गेलात तर रिकाम्या जागेचा आराखडा हळूहळू डोळ्यांसमोर येतो. घाईत पाहिलात तर फक्त बाग दिसेल.

आगीने नेलेला दुसरा मोठा वाडा म्हणजे बुधवारवाडा. तो १८७९ च्या आगीत भस्मसात झाला. त्याच वेळी विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला, पण तो पुढे सावरला गेला. बुधवार पेठेतून रोज हजारो लोक जातात, आणि इथे पेशव्यांचा एक वाडा होता हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. याची मला खंत वाटते.

६. लाल महाल शिवाजी महाराजांच्या वेळचाच आहे ना?

जागा त्या परिसरातली, इमारत नाही. मूळ लाल महाल केव्हाच नष्ट झाला; आजची वास्तू महापालिकेने १९८० च्या दशकात बांधली. म्हणून तिला भेट देऊ नये असं मी म्हणणार नाही. १६६३ मध्ये शायिस्तेखानावर छापा पडला तो याच भागात, आणि ती गोष्ट तिथे उभं राहून मुलांना सांगण्यात अर्थ आहे. फक्त भिंतींवर हात ठेवून ‘हे त्या काळचं’ असं सांगू नका.

७. पुण्यातली जुनी खाण्याची ठिकाणं म्हणजे नेमकी कोणती? सगळी एकाच प्रकारची आहेत का?

चार वेगळ्या परंपरा आहेत, आणि त्यांची सरमिसळ करू नये.

पहिली खानावळ किंवा बोर्डिंग. पुण्यात शिकायला येणारी गरीब मुलं एके काळी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पुढे नोकरदार आणि विद्यार्थी वाढले, तसं पैसे देऊन घरचं जेवण मिळण्याची सोय हवी झाली. टिळक रस्त्यावरची बादशाही आणि सदाशिव पेठेतलं पूना बोर्डिंग हाऊस ही त्या वंशातली. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस १९३५ चं. ते सुरू करणारे नानासाहेब सरपोतदार मूकपटांच्या काळातले चित्रपट दिग्दर्शक होते, म्हणून नट आणि नाटकवाल्यांचा तिथे कायम राबता.

दुसरी उपाहारगृहं: मिसळ, बटाटावडा, खिचडी. फडके हौदाजवळचं वैद्य उपाहारगृह, तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन, नारायण पेठेतली बेडेकरांची मिसळ, केसरीवाड्याजवळचं प्रभा विश्रांतिगृह. प्रत्येकाची चव निराळी. वैद्यांची हिरव्या रश्श्याची मिसळ खाऊन ‘तर्री कुठाय’ असं विचारू नका, तिचा स्वभावच सौम्य आहे.

तिसरी अमृततुल्य. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पेठांमध्ये ही चहाची दुकानं सुरू केली. पितळी पातेलं, खलात कुटलेलं आलं-वेलदोडा, फडक्यातून गाळलेला दाट गोड चहा. आज ‘अमृततुल्य’ असं नाव लावलेल्या चकचकीत शाखा गावोगाव दिसतात. त्यांचा या जुन्या दुकानांशी संबंध असेलच असं नाही. गल्लीबोळातलं, दोन बाकांचं, मालक स्वतः चहा उकळणारं दुकान शोधा.

चौथी इराणी. तिच्यासाठी पुढचा प्रश्न.

८. पुण्यात इराणी हॉटेलं अजून उरली आहेत का?

थोडी. डेक्कनवरचं गुडलक १९३५ पासून चालू आहे. सकाळी बन-मस्का आणि चहासाठी जा, दुपारची गर्दी टाळा. लष्कर भागात आणि स्टेशनच्या बाजूला काही आहेत, त्यांतलं व्होहुमन ऑम्लेटसाठी प्रसिद्ध आहे. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची, पण ती बेकरी आहे, बसून खाण्याची जागा नव्हे. १८७८ सालचं दोराबजी हे पारशी जेवणाचं ठिकाण. इराणी आणि पारशी यांत गल्लत करू नका: पारशी अनेक शतकांपूर्वी आले, इराणी हॉटेलवाल्यांची कुटुंबं बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात. त्यांत झरथुष्ट्री आहेत तसे मुसलमानही आहेत.

गेलेल्यांत लोक सर्वांत जास्त आठवण काढतात ती महात्मा गांधी रस्त्यावरच्या नाझची आणि डेक्कनवरच्या लकीची. नाझचे सामोसे हा तर एका पिढीचा हळवा कोपरा आहे. ही हॉटेलं पदार्थ चुकले म्हणून बंद पडली नाहीत. मोक्याचा कोपरा, भागीदारांची वाढत गेलेली संख्या, परदेशी गेलेली मुलं आणि एका चहावर तासभर बसू देण्याची रीत यांचा मेळ जागेच्या नव्या भावाशी बसेना. इराणी हॉटेल टिकावं असं वाटत असेल तर तिथे नुसता फोटो काढून उठू नका. पोटभर खा, रोख पैसे ठेवा, आणि गर्दी असेल तर टेबल मोकळं करा.

९. खानावळीत जेवायला जाताना काही नियम असतात का?

असतात, आणि बहुधा भिंतीवर लिहिलेले असतात. वेळ पाळा, दुपारचं जेवण संपलं म्हणजे संपलं. बऱ्याच ठिकाणी नाव किंवा नंबर लावून थांबावं लागतं. ताटात टाकू नका, वाढप्याला आधीच थोडं वाढायला सांगा. रविवारी संध्याकाळी अनेक खानावळी बंद असतात, म्हणून चौकशी करून निघा. अनोळखी माणसाशेजारी बसावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका; खानावळीची बैठक पहिल्यापासून तशीच आहे.

१०. पाटीवर ‘स्थापना’ लिहिलेली असते. ते साल खरं मानायचं का?

कशाची स्थापना, हे विचारून मगच माना. कधी ते साल आजोबांनी हातगाडीवर धंदा सुरू केला त्याचं असतं, कधी सध्याच्या जागेचं, कधी मूळ मालकाकडून दुकान घेतल्याचं. तिन्ही खरी असू शकतात. मालकाला आदराने विचारलं तर तो मोकळेपणी सांगतो. गिऱ्हाइकाला सांगण्याजोगा पुरावा हवाच असेल तर जुना परवाना, भाडेपावती किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवा म्हणावं; अनेकांनी ते चौकटीत लावून ठेवलेलं असतं.

११. १९६१ च्या पुरात नेमकं काय गेलं? आजी ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ असंच बोलते.

आजी बरोबर बोलतात. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं बांधकाम पूर्ण व्हायच्या बेतात असलेलं धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि ते धरणही फुटलं. मुठेचे पूल पाण्याखाली गेले. नारायण, शनिवार, कसबा या नदीलगतच्या पेठांत आणि पलीकडे डेक्कनच्या बाजूला पाणी घुसलं.

पाण्याचा जोर मोठा होताच, पण वाडे पडण्याचं कारण त्यांच्या भिंतींतही होतं. पांढऱ्या मातीची भिंत तासन्‌तास पाण्यात उभी राहिली की तिचा चिखल होतो. पाणी ओसरल्यानंतरही वाडे बसत राहिले. एका दिवसात नदीकाठचा जुना थर गेला: नुसत्या इमारती नव्हेत, तर कागदपत्रं, पोथ्या, फोटो, भांडीकुंडी, वह्या. एखाद्या नारायणपेठी घराण्याकडे १९६१ पूर्वीचा एकही फोटो का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरा बदल माणसांचा. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या आणि वाड्यात एका चौकाभोवती राहिलेली कुटुंबं शहरभर पांगली. रिकाम्या झालेल्या भूखंडांवर पुढे सिमेंट-काँक्रीटच्या इमारती आल्या. आज नदीलगतच्या गल्लीत शिरलात आणि सगळ्या इमारती एकाच वयाच्या दिसल्या, तर आधी पुराचा विचार करा. काही जुन्या भिंतींवर त्या दिवशीच्या पाण्याची पातळी दाखवणारी खूण अजून आहे; ती डोक्याच्या किती वर आहे हे मुलांना दाखवा.

१२. भिडे वाडा पाहायला आलो तर काय दिसेल?

मूळ वाडा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती इथे. वाडा राष्ट्रीय स्मारक व्हावा ही मागणी जुनी, पण जागेचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालला आणि तोवर इमारत मोडकळीला आली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महापालिकेने डिसेंबर २०२३ मध्ये ती उतरवली. तिथे स्मारक उभारायचं ठरलं आहे. स्मारक व्हायलाच हवं. पण जिथे मुली पहिल्यांदा पाटी घेऊन बसल्या त्या भिंती आपल्याला वेळेत सावरता आल्या नाहीत, याचं दुःख मला आजही होतं.

त्याच दिवशी गंज पेठेतला फुले वाडा जरूर पाहा. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो या घराचा. त्याचा अर्थ पुढच्या उत्तरात आहे.

१३. फडके हौद, नाना हौद, काळा हौद... हे हौद आहेत कुठे?

बहुतेक बुजले, झाकले गेले किंवा रस्त्याखाली गेले. पण ही पुण्यातली माझी सर्वांत आवडती हरवलेली गोष्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला बंधारे घालून तिथलं पाणी बंदिस्त पक्क्या नळातून शहरात आणलं गेलं. पंप नाही, यंत्र नाही. सगळा खेळ उताराचा. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले होते, म्हणजे हवा बाहेर पडायला आणि गाळ काढायला केलेली उंच धुराड्यासारखी बांधकामं. शहरात आलेलं पाणी शनिवारवाड्याला, सरदारांच्या वाड्यांना आणि चौकाचौकातल्या हौदांना मिळे. नाना फडणीसांनी आंबेगावाकडून आणखी एक नळ आणला. पुण्याच्या पेठा नदीपासून दूर दक्षिणेकडे वाढू शकल्या त्या या पाण्यामुळे.

हौद सार्वजनिक होते असं आपण सहज म्हणतो. ते सगळ्यांचे नव्हते. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. फुल्यांच्या हौदाचं मोल यावरून कळतं. हौदांची गोष्ट सांगताना ही बाजू वगळणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये झालं, पुढे घरोघर नळ आले आणि हौद अडगळ ठरले. उच्छ्वास अधूनमधून एखाद्या इमारतीच्या कुशीत उभा दिसतो. लोक त्याला देवडी किंवा जुनी चिमणी समजतात. दिसला तर हात लावून पाहा, चुन्याचं काम किती घट्ट आहे.

याच पाण्याच्या नकाशात दोन गोष्टी आणखी बसतात. सारसबागेतला गणपती ‘तळ्यातला’ आहे, कारण पर्वतीच्या पायथ्याशी खरोखर तळं होतं आणि देऊळ त्यातल्या बेटावर. आणि आंबिल ओढा आज जिथून वाहतो ती त्याची मूळ वाट नव्हे; तो पेशवाईत वळवला गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये याच ओढ्याला आलेल्या पुराने शहराला चांगलंच जागं केलं.

१४. शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार आहे म्हणतात. खरं का?

ही कथा प्रत्येक पेठेत थोड्या फरकाने ऐकू येते. जमिनीखाली जे खरोखर आहे ते कात्रजच्या पाण्याचं बांधकाम, काही भागांत माणूस वाकून जाईल एवढं मोठं. पाया खणताना असा दगडी मार्ग अचानक लागला की लोक त्याला भुयार म्हणणारच. आत उतरण्याचा प्रयत्न मात्र कुणीही करू नये. हवा कोंडलेली असते आणि छत कुठे कच्चं आहे ते वरून कळत नाही.

१५. मंडईची इमारत एवढी साहेबी का दिसते?

कारण ती इंग्रजी अमदानीतली आहे. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून ती सुरू झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर भरत असे. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून. पुढे मंडईला त्यांचंच नाव दिलं गेलं. आत शिरल्यावर अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहून वर पाहा. सकाळच्या भाजीविक्रीत अडथळा न आणता.

१६. जुनी चित्रपटगृहं कुठे गेली?

मंडईजवळचा आर्यन सिनेमा १९१५ चा, पुण्यातला पहिला कायमचा सिनेमा म्हणून ओळखला जाणारा. १९८० च्या दशकात तो गेला आणि आज तिथे त्याच नावाने वाहनतळ आहे. डेक्कनवरच्या नटराजच्या जागी मॉल आला. भानुविलास, मिनर्व्हा या नावांवर पन्नाशीपुढची मंडळी तासभर बोलू शकतात. लष्कर भागातल्या कॅपिटॉलमध्ये २४ जानेवारी १९४३ रोजी चले जाव चळवळीतल्या क्रांतिकारकांनी बॉम्बस्फोट घडवला. त्याच चित्रपटगृहाचं नाव पुढे व्हिक्टरी झालं. अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात १९३४ चं. प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ मात्र टिकला, कारण १९६० पासून तिथे सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे.

१७. वाडे पाडतात तरी का? मालकांना वारसा कळत नाही का?

हा प्रश्न रागाने येतो, म्हणून उत्तर शांतपणे देतो. मालकाला बहुधा सगळं कळतं.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. हेतू चांगला होता: फाळणीनंतरच्या टंचाईच्या काळात भाडेकरूला रस्त्यावर काढलं जाऊ नये. पण दशकं उलटली तरी दोन खोल्यांचं भाडं काही रुपयांतच राहिलं, आणि तेवढ्या उत्पन्नात कौलं शेकारणंही होईना. १९९९ च्या नव्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचं चित्र फारसं पालटलं नाही. एका वाड्यात दहा-पंधरा भाडेकरू, मालकाच्या बाजूने वीस वारस आणि त्यांतले काही परदेशात. सागाची एक तुळई बदलायची तर खर्च कुणी करायचा, यावरच वर्षं जातात. तोवर पाणी मुरतं, वाळवी लागते, पालिकेची ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस येते. मग बिल्डर येतो आणि पहिल्यांदाच सगळ्यांना पटेल असा एक प्रस्ताव टेबलावर ठेवतो.

भाडेकरूच्या बाजूनेही पाहा. एक संडास आठ कुटुंबांत, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, म्हातारपणी तो उभा जिना. स्वच्छतागृह असलेल्या चारशे चौरस फुटांच्या घराची ओढ त्यांना वाटली तर त्यांना दोष देणं मला पटत नाही.

उपाय आहेत, अपुरे आहेत. महापालिकेच्या वारसा यादीत श्रेणी असलेल्या वास्तूला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि न वापरलेलं बांधकामक्षेत्र टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) म्हणून विकण्याची सोय नियमांत आहे. पण घरगुती वाड्यांतले बहुतेक या यादीत नाहीतच. दुरुस्तीसाठी थेट पैसा आणि सुतार-गवंड्यांची जुनी विद्या जिवंत ठेवणं, या दोन गोष्टींशिवाय नुसत्या यादीने वाडा वाचणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

१८. पाडलेल्या वाड्याचं लाकूड आणि दारं कुठे जातात? विकत घेतली तर चूक आहे का?

सागवान जुन्या लाकडाच्या वखारींत जातं आणि तिथून फर्निचरवाल्यांकडे. कड्या, कोयंडे, पितळी सामान बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात दिसतं. वाडा पडलाच असेल तर त्याचं दार कुणाच्या घरी टिकणं हे जळणात जाण्यापेक्षा केव्हाही बरं. पण दार घेताना ते कुठल्या वाड्याचं, कुठल्या पेठेतलं हे विचारून त्याच्या मागे लिहून ठेवा. उभ्या वाड्यातून खांब काढून आणून देतो म्हणणाऱ्याला मात्र तिथेच थांबवा.

अख्खं दालन हलवून कसं जपता येतं ते राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहा. कोथरूडचा मस्तानी महाल तिथे पुन्हा उभा केलेला आहे.

१९. आम्ही परदेशात असतो. आजोबांचा सदाशिव पेठेतला वाडा शोधायचा आहे, पण हाताशी फक्त ‘घर नंबर’ आहे.

तो नंबर सोन्यासारखा आहे. जुन्या पत्त्यांत ‘सदाशिव’ किंवा ‘शनिवार’ याच्या आधी येणारा आकडा बहुतेक वेळा सिटी सर्व्हे नंबर असतो. तो घेऊन नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकाचा उतारा मागा; त्यावर मालकीचे फेरफार ओळीने दिसतात. सोबत लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, शाळेचा दाखला, मिळकतकराच्या पावत्या तपासा. आजोबा भाडेकरू असतील तर त्यांचं नाव पत्रकावर मिळणार नाही. तेव्हा वाडा मालकाच्या नावाने ओळखला जात असे हे लक्षात ठेवून घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ‘कुणाच्या वाड्यात राहायचो?’

घराणं पेशवाईपर्यंत मागे जात असेल तर पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आणि १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन जागा. कागद मोडी लिपीत असतात, त्यामुळे वाचणारा माणूस सोबत हवा. १९६१ मध्ये वाडा गेला असेल तर प्रश्न ११ वाचा.

२०. ‘अमुक वाडा’ अशी पाटी पाहून गेलो तर समोर सहा मजली इमारत. पत्ता चुकला का?

पत्ता बरोबर होता. पुनर्बांधणीनंतर अनेक कुटुंबं वाड्याचं नाव इमारतीला ठेवतात. आत डोकावून पाहा. कधी जुनं देवघर, विहीर किंवा दरवाजाची चौकट नव्या इमारतीत सांभाळलेली असते. थोरांच्या निवासाच्या जागी महापालिकेने लावलेल्या निळ्या पाट्याही शोधा. घर बदललं असलं तरी पाटीवरून जागा कळते. उलट बाजूने, लकडी पुलावर लाकूड शोधू नका. तो पूल दगडी आहे आणि त्याचं अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल आहे, पण रिक्षावाल्याला लकडी पूलच सांगा.

२१. पावसाळ्यात यावं का?

रस्त्यावरून फिरायला जरूर या, कौलांवरचं पाणी चौकात उतरताना पाहण्यासारखं असतं. मात्र रिकाम्या, टेकू दिलेल्या वाड्यांच्या भिंतीलगत उभे राहू नका आणि आत तर मुळीच जाऊ नका. भिजलेली मातीची भिंत पडण्याआधी इशारा देत नाही. नोटीस लावलेली असेल तर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चला.

२२. आमच्याकडे वाड्याचे जुने फोटो आहेत. त्यांचं काय करावं?

आधी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने लिहा: वाड्याचं नाव, पेठ, अंदाजे साल, डावीकडून उजवीकडे माणसांची नावं. बॉलपेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. ज्या आत्या-काकांना चेहरे ओळखता येतात त्यांच्याकडे हे काम या महिन्यातच घेऊन जा. मग स्कॅन करा, मोबाइलने फोटोचा फोटो काढण्यावर भागवू नका. प्लास्टिकच्या चिकट अल्बममधून मूळ प्रती काढून कागदी पाकिटात ठेवा आणि माळ्यावर टाकू नका, तिथली उष्णता आणि दमट हवा त्यांना खाते. माणसांच्या मागे दिसणारा खांब, दार, ओसरी, नळाची तोटी कातरू नका. वाडा अजून उभा असेल तर त्याच कोपऱ्यातून आजचा एक फोटो काढून तारखेसह सोबत ठेवा, आणि दोन्हींच्या प्रती वाड्यात राहणाऱ्यांना नेऊन द्या.